पहाणीत नसलेली सांदवाडी

सीमाभागाचा इतिहास लिहायला बसले की लेखणी आपोआप नकाशाकडे वळते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ आदिलाबाद जिल्ह्यातून निघून त्या वेळच्या मुंबई राज्यात आले. उलट नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे आदिलाबादला जोडली गेली. कुणाचे शेत अलीकडे तर सोयरीक पलीकडे, अशी गत झाली. याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र आज घरामागच्या दहा-बारा हात जागेचा इतिहास सांगायचा आहे. तिला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. पुस्तकी भाषेत परसबाग.

माझा जन्म पैनगंगेच्या दक्षिणेकडचा, आदिलाबाद तालुक्यातल्या एका मराठी खेड्यातला. नोकरीने मला नदीच्या उत्तरेला आणले. आमच्या शेताची नोंद तलाठ्याच्या पहाणीत होती. सर्व्हे नंबर, आकार, पेरलेले पीक असे सारे तिच्यात सापडे. सांदवाडीला मात्र रकाना नव्हता. तिच्यातले पीक बाजारात जात नसे, आणि जे बाजारात जात नाही ते सरकारला दिसत नाही. शिवाय ती राखणाऱ्या साऱ्या बायका. म्हणून तिच्याबद्दल लिहिताना मला दप्तरापेक्षा आठवणीचा आधार जास्त घ्यावा लागतो.

मोरीचे पाणी ज्या बाजूला वाहत जाई तिथे अळू आणि केळीचे एक बेट. कुडावर वाल, दोडका आणि काशीभोपळा चढवलेला. कोपऱ्यात शेवगा, त्याच्या सावलीत मिरचीची चार झाडे. मोकळ्या जागेत चुका, तांदुळजा आणि मेथीचे लहान वाफे. वेगळे पाणी कुणी घालत नसे. भांडी घासलेले, तांदूळ-डाळ धुतलेले पाणीच पुरे होई. चुलीतली राख हेच खत आणि कीड मारण्याचे औषधही तेच. बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचे आणि मृगाला काढायचे, एवढे शास्त्र आजीला पुरेसे होते. शेजारच्या तेलुगू घरात अंबाडीला ‘पुंटीकूरा’ आणि शेवग्याच्या पाल्याला ‘मुनगाकू’ म्हणत. नावे दोन असली तरी कुडावरून इकडची जुडी तिकडे जाई. उटनूरकडच्या गोंड व कोलाम पाड्यांवरही घराला लागून कुड घातलेली वाडी असे; तिच्यात पावसाळ्यात मका आणि वाल.

पण एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सांदवाडी एकटी कधीच घर पोसत नव्हती. तिच्यामागे शेत होते आणि शेतामागे रान. जोंधळ्याच्या पाटात तूर, मूग, काकडी, अंबाडी यांची मिसळ असे. निंदताना घोळ, कुंजर, कोवळा तरोटा वेचून बायका ओट्यात आणत. रानातून काटवल, मोहाची फुले, चारोळी, कंद येत. त्या रानाचा इतिहास तर रक्ताने लिहिलेला आहे. निजामी राजवटीत राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या, गोंड-कोलामांना वस्त्यांतून उठवले गेले आणि १९४० साली जोडेघाटला कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर मारलवाईला राहून ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी या समाजाचा अभ्यास केला. १९८२ सालच्या आपल्या ग्रंथात आदिवासींच्या हातून जमिनी कशा निसटल्या तेही त्यांनी लिहिले. जमीन गेली एवढेच आपण वाचतो. जमिनीबरोबर ताटातले किती पदार्थ गेले, हे कोण मोजणार?

ताटातून पदार्थ गेले की अंगावर काय उमटते, याची नोंद १९६० साली हैदराबादेत झाली. डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी जोंधळ्यावर जगणाऱ्या गरिबांत आढळणाऱ्या ‘पेलाग्रा’ या रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. उन्हात उघडे राहणारे हात, पाय, मान काळवंडतात, कातडी सोलते, जुलाब लागतात, पुढे माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. जोंधळ्यातल्या कोणत्या घटकाने हे होते यावर पुढे वाद झाले. पण मुळात अपराध जोंधळ्याचा नव्हता. नुसत्या जोंधळ्याचा होता. बरोबर डाळ, शेंगदाणा, दूध असेल तर तीच भाकरी अंगी लागते. कुडावरचा वाल काय करीत होता, ते तेव्हा कळते.

आता घरचे सांगतो. १९६७ साली कापसाला बरा भाव आला. बाबांनी सांदवाडी सपाट केली, शेवगा तोडला आणि तिथे कापूस ठेवायला खोली बांधली. मायने एकदाच ‘भाजी कुठली आणू?’ म्हणून विचारले. ‘बाजारातून’ असे उत्तर मिळाले. बाजार आठवड्याचा, आणि तिथून येई ते बटाटा-कांदा-वांगे. पालेभाजी घरी येईपर्यंत सुकून जाई. पुढच्या उन्हाळ्यात माझी चार वर्षांची बहीण दिवेलागणीला भिंतीला हात लावत चालू लागली. पाण्याच्या घागरीला धडके, उंबऱ्याला अडखळे. मी बारा वर्षांचा. आम्ही भावंडे तिला अंगणात उभी करून आंधळी कोशिंबीर खेळत असू. डोळे बांधायचीही गरज नाही म्हणून हसत असू. आजीने ते पाहिले आणि माझ्या पाठीत धपाटा घातला.

‘पोरीला रातांधळं झालंय रे, आन् तुमी हासता!’

बाबांनी दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपून तिला दवाखान्यात नेले. तिथे औषध मिळाले आणि ती लवकर सुधारली. घरी आजीने शेजारून शेवग्याचा पाला मागून आणला आणि तो तेलाच्या फोडणीत परतून रोज तिला भरवला. पाल्यातले ‘अ’ जीवनसत्त्व तेलाबरोबरच अंगी लागते, हे मी पुढे पुस्तकात वाचले. १९७० साली लहान मुलांना दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाचा मोठा डोस देण्याची योजना सुरू झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधनाचा तिला पाया होता. किती मुलांचे डोळे तिने वाचवले असतील! पण आमच्या घरी त्याआधीच बाबांनी कापसाच्या खोलीची मागची भिंत चार हात आत घेतली आणि शेवग्याची फांदी रोवली. ते कधी काही बोलले नाहीत.

बाबांनी भिंत मागे घेतली. काळाने घेतली नाही. १९८३ साली आंध्रात दोन रुपये किलोचा तांदूळ आला. त्याने उपासमार टाळली, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण भाकरी कोरडी घशाखाली उतरत नाही, तिला कालवण लागते. अंबाडीच्या भाजीत तर जोंधळ्याच्या कण्याच लागतात. भाताला चिंचेचा चारूही पुरतो. जोंधळा मागे पडला तशी त्याच्याबरोबरची भाजीही मागे पडली. २००२ नंतर बीटी कापूस आला आणि सोयाबीनही पसरले. एका पिकाच्या रानात मिसळ राहिली नाही. तणनाशकाच्या फवाऱ्याने तण मेले. त्या तणातच आमचे घोळ आणि कुंजर होते.

पुढे गरोदर स्त्रियांसाठी तेलंगणात २०१५ पासून अंगणवाडीत एका पूर्ण जेवणाची सोय झाली. २०१८ च्या पोषण अभियानातून पोषणवाटिकांचा पुकारा झाला, महाराष्ट्रातही बचतगटांतून परसबागांची मोहीम निघाली. उटनूरला तर आदिवासी महिला मोहाच्या फुलांचे लाडू करतात. हे सारे चांगले आहे. पण नुसत्या बियांच्या पुड्या वाटून सांदवाडी उभी राहत नाही. कुणाच्या घरामागे वीतभर जागा नाही, कुणाची मोरी सिमेंटच्या गटाराला जोडली आहे, कुणाच्या बाईला मजुरीवरून यायला रात्र होते. ही वाडी बाईच्या मोकळ्या वेळावर, वाहत्या मोरीवर आणि मागच्या मिसळ शेतावर उभी होती. योजनेच्या कागदात या तिन्हींना जागा हवी.

२०१६ साली आमच्या आदिलाबादचे पुन्हा चार जिल्हे झाले. बहिणीचे सासर त्यामुळे निर्मळ जिल्ह्यात गेले. ती आता साठीच्या पुढे आहे. संध्याकाळी दिवा न लावता सुईत दोरा ओवते आणि मला चिडवते. दर मृगाला कुणाच्या तरी हाती तिच्याकडून वालाच्या आणि अंबाडीच्या बियांची पुरचुंडी येते, राखेत घोळलेली. यंदा मी त्यातले निम्मे बी शाळेतल्या मुलांना वाटले. एका मुलीने विचारले, ‘सर, हे कुठल्या कंपनीचं?’ मी तिला आजीची गोष्ट सांगितली. तीच इथे तुम्हांलाही सांगितली.