पोढी, रहाट आणि पंप

कांदिवलीतल्या कोणत्याही शाळेत ‘आपल्या घरी पाणी कुठून येते?’ असे विचारले, तर पहिले उत्तर मिळते, ‘टाकीतून!’ टाकीत कुठून? ‘नळातून.’ थोडी मोठी मुले वैतरणा, भातसा अशी नावे सांगतात. दिवा कशामुळे लागतो, या प्रश्नाचे उत्तरही असेच तारेपाशी येऊन थांबते. घराला लागणारे पाणी आणि वीज ही दोन्ही दुरून यायची असतात, हे आपण गृहीतच धरले आहे.

वास्तविक कांदिवलीचा बृहन्मुंबईत समावेश झाला तो १९५७ साली. त्याआधीची पोयसर, आकुर्ली, चारकोप ही गावे आपले पाणी आपल्याच जमिनीतून काढत. ते कसे, हे समजून घ्यायचे तर सुरुवात आणखी मागून करायला हवी. त्यासाठी फार लांब जायचे कारण नाही. पूर्वेकडे दिसणाऱ्या डोंगरात, आजच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची लेणी आहेत.

दारातले टाके

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत आणि भिक्षूंची वस्ती तेथे सुमारे हजार वर्षे होती. शाळेची सहल गेली की मुले चैत्यगृह पाहतात, बुद्धमूर्ती पाहतात आणि परततात. आम्ही सुचवू, की या वेळी मूर्तींइतकेच लक्ष दारातल्या खड्ड्यांकडे द्यावे. अनेक विहारांच्या अंगणात एका बाजूला कोनाड्यासारखी जागा असते आणि तेथे खडकात खोदलेले पाण्याचे टाके असते. त्याला शिलालेखांतला प्राकृत शब्द आहे ‘पोढी’. वरच्या कातळावर पन्हळी कोरलेल्या आहेत. त्यांतून पावसाचे पाणी वळवून टाक्यात आणलेले आहे. टाक्याचे तोंड लहान आणि आतली पोकळी मोठी असते. त्यामुळे ऊन आत शिरत नाही, बाष्पीभवन कमी होते आणि शेवाळही फारसे धरत नाही. काही टाक्यांत आजही पाणी असते.

हे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. पावसाळ्यानंतरचे आठ महिने म्हणजे २४० दिवस. पिण्यासाठी आणि अगदी जरुरीच्या वापरासाठी माणशी रोज १० लिटर धरले, तर पाच जणांना १२,००० लिटर लागतील. म्हणजे १२ घनमीटर. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २ मीटर खोल असे एक टाके. या भागात वर्षाला २ मीटरहून अधिक पाऊस पडतो. निम्मे पाणी वाया गेले असे मानले, तरी हे टाके भरायला फक्त १२ चौरस मीटर कातळ पुरेल. एका लहान खोलीएवढा!

म्हणजे येथे तूट पावसाची नव्हती. अवघड काम होते ते पाणी साठवण्याचे, छिन्नीने टाके खोदण्याचे. म्हणूनच लेण्यांबरोबर टाक्यांचेही दान होत असे आणि ते दगडावर नोंदले जाई. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख येथे आहे. डॉ. शोभना गोखले यांनी या लेखांचा अभ्यास करून १९९१ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

यांतला एक लेख इतिहासाच्या शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. सतेरक नावाच्या अमात्याने दान केलेल्या टाक्यावरचा हा लेख आहे. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाच्या राणीचा उल्लेख येतो. ती एका महाक्षत्रपाची कन्या होती. महाक्षत्रपाचे नाव अर्धवट उरले आहे, पण तो रुद्रदामन असावा असे अभ्यासक मानतात. एकमेकांशी लढणाऱ्या दोन राजघराण्यांतली सोयरीक आपल्याला कळते ती पाण्याच्या टाक्यामुळे! आणि या रुद्रदामनाचा सर्वांत प्रसिद्ध लेख कशाविषयी आहे? इसवी सन १५० च्या सुमारास फुटलेले जुनागढचे सुदर्शन तळे त्याने पुन्हा बांधले, त्याविषयी. तिकडे राजाचे मोठे धरण, इकडे एका वस्तीपुरते टाके. पाण्याच्या दोन व्यवस्था त्या काळीही शेजारी शेजारी नांदत होत्या.

वाडीतला रहाट

टाक्यावर पिण्याचे भागते, पण बागायत पिकत नाही. डोंगरापासून खाडीपर्यंतच्या सपाटीवर साष्टी आणि वसईच्या लोकांनी विहिरी खणल्या. देशावर खोल विहिरींवर मोट चाले. किनाऱ्याजवळ पाणी वरच लागते, म्हणून येथे रहाट सोयीचा पडला. बैल किंवा रेडा गोल फिरे, दांतेरी लाकडी चाके फिरत आणि दोराला बांधलेली गाडगी एकामागून एक पाणी आणून पाटात ओतत.

पोढी आणि रहाट यांत एक मूलभूत फरक आहे. पोढीत पाणी उताराने येते, त्याला शक्ती लागत नाही. विहिरीतले पाणी उचलावे लागते. १,००० लिटर पाणी ५ मीटर उचलायला सुमारे ४९,००० जूल ऊर्जा खर्च होते. काम करणाऱ्या एका बैलाची शक्ती ढोबळपणे ३०० वॅट धरू आणि रहाटात निम्मी वाया जाते असे मानू. मग तासाला दहा हजार लिटरच्या आसपास पाणी वर येते. बैल काही तासांनी दमतो, त्याला सोडावेच लागते. तेवढ्या वेळात विहिरीत पुन्हा पाणी झिरपते. बैलाची दमछाक ही शेतकऱ्याला अडचण वाटत असणार; विहिरीला मात्र ती विश्रांती होती.

मग तेलावरची इंजिने आली, त्यामागून विजेचे पंप. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे ३,७०० वॅट, कागदावर बारा बैलांचे काम. शिवाय तो दमत नाही. समुद्रकाठी याचा परिणाम वेगळाच होतो. जमिनीतले गोडे पाणी हलके असल्यामुळे जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. दोघांच्या घनतेतला फरक अवघा चाळिसाव्या हिश्श्याइतका. त्यामुळे गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उतरली, तर खाऱ्या पाण्याची सीमा सिद्धांताप्रमाणे चाळीस मीटर वर सरकू शकते. वसईच्या पश्चिम पट्ट्यात बेसुमार उपशामुळे विहिरी खारट होऊ लागल्या. टँकरने पाणी विकण्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले.

नळ आणि तारा

दरम्यान साष्टीच्या डोंगरातले पाणी मुंबई बेटाकडे वळले होते. १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव पुरा झाला. कान्हेरीच्या भिक्षूंनी जो पाऊस दारात अडवला, तोच आता नळाने शहरात जाऊ लागला. तेही पुरेना, तेव्हा १८९२ मध्ये तानसा आणि १९५७ मध्ये मोडकसागर झाले. विजेचे तसेच. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९२९ मध्ये उपनगरांना वीज पुरवण्यासाठी वेगळी कंपनी स्थापन झाली.

यात वाईट काही झाले असे आम्ही म्हणत नाही. लाखोंच्या वस्तीचे पाणी आड आणि टाकी पुरवू शकली नसती, आणि नळाने बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरवला. मात्र नळाबरोबर एक सवय गेली, ती मोजण्याची. पोढीत काठी बुडवली की उन्हाळा किती उरला आणि पाणी किती उरले हे एकदमच कळत असे.

आज पुन्हा घरापुरत्या व्यवस्थांची चर्चा होते. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजलसंधारण बंधनकारक झाले. शेतावर सौर पंप बसत आहेत. पण येथेच सावध राहायला हवे. बैल दमत असे, तेलाला पैसे पडत, विजेचे बिल येई. सौर पंपाला सूर्य असेपर्यंत यांतले काहीच अडवत नाही. ऊर्जा फुकट झाली म्हणून विहिरीतले पाणी वाढत नाही. पूर्वी उपशाला लगाम शक्तीच्या टंचाईचा होता, यापुढे तो माणसांनी आपसात ठरवून घालावा लागेल.

म्हणून एक उपक्रम सुचवतो. शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ मुलांना मोजायला सांगा. त्याला २ मीटर पावसाने गुणा, निम्मे सोडून द्या. मग शाळेत रोज किती पाणी लागते ते मोजा. दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. त्यानंतर कान्हेरीची सहल काढा. मुले त्या खड्ड्यांपाशी आपण होऊन थांबतील.