वाटाण्याचं रोप आणि पाण्याचा हंडा

रेणुकामातेच्या यात्रेत तंबूचा सिनेमा यायचा, तेव्हा आम्हा पोरांचं पाहिलं लक्ष तिकडे. देवीचं दर्शन नंतर. बाजरी कशी पिकली यावर वडील आमच्या हातावर किती पैसे टेकवायचे ते ठरायचं, आणि त्या पैशात पाळणा घ्यायचा, भेळ घ्यायची की तिकीट काढायचं, हा मोठाच प्रश्न असायचा. मी दरवर्षी तिकीट काढलं. भेळीचं दुःख मला कधी झालं नाही.

कनातीचा तंबू, मध्ये लाकडी खांब, समोर पांढरा पडदा. घरून पोतं न्यायचं आणि जमिनीवर अंथरून बसायचं. दोरी बांधून बायांची बाजू वेगळी केलेली. मागे मशीन, त्यात कार्बनच्या दोन कांड्या, त्यांच्या ठिणगीतून उजेड. बाहेर डिझेल इंजिन धडधडायचं. ते जरा मंदावलं की पडद्यावरचा हिरोही मलूल व्हायचा. रीळ तुटलं की शिट्ट्या, आणि मशीनवाला बापडा घाम पुसत जोडत बसायचा. ‘सोंगाड्या’ मी असा पाहिला, ‘पिंजरा’ असाच पाहिला. ‘जय संतोषी माँ’ला तर बाया पडद्याला हात जोडून बसल्या होत्या.

याशिवाय फुकटचा सिनेमा म्हणजे सरकारी प्रचार गाडी. ती शाळेच्या भिंतीवर नाहीतर चादरीवर रिळं दाखवायची. संकरित बियाणं, हिवताप, कुटुंबनियोजन. सरकारचा फिल्म्स डिव्हिजन 1948 ला निघाला, आणि शहरातल्या थेटरात मुख्य सिनेमाआधी त्यांचं रीळ दाखवायची सक्ती होती. लोक तेवढ्यात बिड्या ओढून घेत. मला मात्र ती दहा-पंधरा मिनिटांची रिळं आवडायची. गाणं नाही, मारामारी नाही, तरी बघत राहावंसं वाटायचं. त्याला लघुपट म्हणतात हे कळायला पुढं फार वर्षं गेली. दहावीनंतर शाळा सुटली आणि मी मळ्यात उतरलो.

आता फाळक्यांचं सांगतो. दादासाहेब फाळके आमच्याच जिल्ह्याचे, त्र्यंबकेश्वरचे. 30 एप्रिल 1870 चा जन्म. त्यांच्या नावाचा मोठा पुरस्कार आहे एवढंच मला माहीत होतं. नाशकात पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्यांचं स्मारक आहे. त्यावरून आम्ही कितीदा माल घेऊन गेलो असू, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. एकदा गाडी नादुरुस्त झाली आणि दुपार मोकळी सापडली म्हणून गेलो. तिथून जी चटक लागली, ती वाचनालयातली पुस्तकं धुंडाळण्यापर्यंत गेली.

फाळक्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि त्यांच्या डोक्यात बसलं, की आपले रामकृष्ण पडद्यावर आले पाहिजेत. 1912 ला ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. पण पैसा लावणार कोण? सावकाराला खात्री पटावी म्हणून त्यांनी आधी एक लहानसं चित्र केलं. कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि दिवसेंदिवस थोडं थोडं चित्रण करत गेले. मग ते सलग दाखवलं तर बघता बघता माती फुटते, कोंब वर येतो, वेल चढायला लागते.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. राजा हरिश्चंद्राच्या आधी आपल्या माणसानं जे चित्र केलं ते वाटाण्याचं! उगवण बघण्याचा हा नाद मला चांगला ठाऊक आहे. कांद्याचं रोप टाकलं की आठव्या दिवसापर्यंत मी वाफ्याकडे सकाळ-संध्याकाळ चकरा मारतो. त्यानं रोप लवकर येत नाही, हे कळत असूनसुद्धा.

‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थेटरात लागला. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. आम्हा खेड्यातल्या लोकांना त्याचं नवल नाही, तमाशात नाच्या असतोच. मला नवल वाटलं ते सरस्वतीबाई फाळक्यांचं. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करायच्या. फिल्मला भोकं पाडायची, ती धुवायची, उन्हात पांढरी चादर धरून नटाच्या तोंडावर उजेड पाडायचा, हेही त्यांच्याकडेच. आणि पैसा कमी पडला तेव्हा अंगावरचे दागिने त्यांनीच काढून दिले. पडद्यावर एकही बाई नव्हती त्या सिनेमात, पण बाईवाचून तो झालाच नसता.

पुढे 1918 मध्ये फाळक्यांनी नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. 90 हून अधिक चित्रपट आणि 25 च्या आसपास लघुपट त्यांच्या नावावर सांगतात. उरलं त्यातलं मूठभर. त्या काळची फिल्म भसकन पेट घेणारी. शिवाय जुनी फिल्म चांदीसाठी भंगारात जायची. बियाणं जपून ठेवायचं असतं हे शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही, पण सिनेमावाल्यांना ते उशिरा सुचलं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं 1964 ला. तिथल्या पी. के. नायर यांनी फाळक्यांचं जेवढं हाती लागलं तेवढं गोळा करून वाचवलं. नाहीतर आज तेही दिसलं नसतं. फाळके स्वतः 16 फेब्रुवारी 1944 ला नाशकातच वारले, हलाखीत आणि विस्मरणात.

आमच्या गावी टीव्ही आला तो ब्लॅक अँड व्हाइट. रविवारी दुपारी दूरदर्शनवर वेगवेगळ्या भाषांतले सिनेमे लागत. गावातले लोक ‘रडका सिनेमा’ म्हणून उठून जात. सत्यजित राय गेले त्या वर्षी, 1992 ला, मी ‘पथेर पांचाली’ पाहिला. बंगाली समजेना, खालची इंग्रजी अक्षरं पटापट पळून जात. पण भाषा कशाला लागते? शेजारणीची बोलणी खाणारी आई, पोरांजवळ चोरून खाऊ मागणारी वाकलेली म्हातारी आत्या, पावसात भिजून तापानं गेलेली पोर. या घरात मी जाऊन आलोय असं वाटलं. नंतर वाचलं, की या सिनेमासाठीसुद्धा रायांच्या बायकोचे दागिने गहाण पडले होते.

मला इथं थांबावंसं वाटतं, कारण माझ्याही घरात एक डोरलं गहाण पडलं होतं. विहिरीच्या मोटारीसाठी. मोटार आली, जळाली, भरून आणली, पुन्हा जळाली. डोरलं काही परत आलं नाही. तिनं कधी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवर मालेगाव. तिथल्या नासिर शेख या व्हिडिओ पार्लरवाल्यानं यंत्रमागावरचे कामगार घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. लोक हसतात, पण मला त्याचं कौतुक आहे. पण खरा हेवा वाटतो तो कर्नाटकातल्या हेग्गोडू नावाच्या खेड्याचा. तिथं के. व्ही. सुब्बण्णांनी ‘नीनासम’ ही नाटकाची संस्था वाढवली आणि सुपारीच्या बागायतदारांना, मजुरांना जगातले उत्तम सिनेमे दाखवले. रिळं पुण्याहून जायची, पाठवणारे तेच नायर. म्हणजे पुण्याहून रीळ शिमोग्याच्या जंगलात पोचत होतं आणि चांदवडला पोचत नव्हतं. दोष कोणाला द्यावा? आम्ही मागितलंच नव्हतं.

माझ्याकडे ते पोचलं 2020 च्या टाळेबंदीत. द्राक्षं वेलीवर, व्यापारी येईना. पुण्यात नोकरी करणारा मुलगा बायको-पोरासह घरी आलेला. संध्याकाळी करायचं काय? त्यानं लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडली आणि म्हणाला, “आण्णा, तुम्ही जुन्या सिनेमाचं एवढं वाचता, आता बघा.”

पहिल्यांदा त्यानं लावलं ते 1895 चं फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंचं चित्र. याच ल्युमिएर मंडळींच्या माणसानं 7 जुलै 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलात आपल्या देशातला पहिला खेळ केला. चित्र मिनिटभराचंही नाही. माळी नळीनं पाणी घालतोय, एक पोरगं मागून नळीवर पाय देतं, पाणी बंद होतं. माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगं पाय काढतं आणि फवारा थेट तोंडावर! आमची घरची पदर तोंडाला लावून हसली. “हे तर आपल्या नातवाचंच काम,” म्हणाली. ठिबक येण्याआधी आमच्या मळ्यात हे रोज घडायचं. ती पहिल्याच दिवशी अशी हसली म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. एरवी सिनेमा हा माझा रिकामटेकडा नाद होता.

मग ‘रेड बलून’ झाला, 1956 चा, अर्ध्या तासाचा. पॅरिसच्या गल्लीत एका पोराच्या मागे मागे फिरणारा लाल फुगा. नातवानं तो चारदा लावायला लावला. मग ‘बायसिकल थीव्ह्ज’. इटलीचा, 1948 चा, दे सिका यांचा. नोकरीला सायकल पाहिजे आणि सायकल गहाण, तर त्याची बायको अंथरुणावरच्या चादरी काढून धुते आणि त्या गहाण टाकून सायकल सोडवून आणते. तीच सायकल पहिल्याच दिवशी चोरीला जाते. 1952 ला आपल्याकडे पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला त्यात हा दाखवला होता. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मागे त्याचीच प्रेरणा सांगतात. तो बलराज साहनी कलकत्त्यात रिक्षा ओढतो ना, तो. चादरींच्या वेळी ही एकदम बोलली, “डोरलं नव्हतं वाटतं तिच्याकडं.” मी टीव्हीकडेच बघत राहिलो.

शेवटी आला ‘नेकेड आयलंड’. जपानचा, 1960 चा, दिग्दर्शक कानेतो शिंदो. 1961 ला मॉस्कोच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च बक्षीस मिळालं होतं. समुद्रातलं एक उजाड बेट. त्यावर एकच कुटुंब, नवरा-बायको आणि दोन पोरं. चहूकडे पाणी, पण पिकाला थेंब नाही. दोघं होडीनं दुसऱ्या बेटावर जातात, गोडं पाणी भरतात, खांद्यावरच्या आडव्या दांड्याला दोन्हीकडे बादल्या लावून डोंगर चढतात आणि एकेका रोपाला पळीपळीनं घालतात. बोलणं जवळजवळ नाहीच. नुसतं चढणं, घालणं, उतरणं. शहरातल्या माणसाला कंटाळा येईल. आम्ही दोघं श्वास धरून बसलो होतो, कारण पाय घसरला तर काय होतं ते आम्हाला माहीत होतं.

आणि तिचा पाय घसरतो. एक बादली सांडते. नवरा आपल्या बादल्या खाली ठेवतो, तिच्याजवळ येतो आणि थोबाडीत मारतो.

चांदवडला नोव्हेंबर 1986 मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. शरद जोशींच्या हाकेला बाया लाखांनी आल्या. मी स्वतः बैलगाडीतून हिला सोडायला गेलो होतो, छातीवर बिल्ला लावून. त्यानंतरच्याच उन्हाळ्यात विहीर कोरडी पडली. डाळिंबाची रोपं नवीन होती. ही मैलभरावरून डोक्यावर दोन-दोन हंडे आणायची. एका दुपारी बांधावर ठेच लागली, हंडा गडगडत खाली गेला, आणि मी हात उचलला. गड्यांसमोर. ती उठली, हंडा घेतला आणि परत पाण्याला गेली. यावर आम्ही कधी बोललो नाही.

सिनेमात पुढे थोरला मुलगा तापानं मरतो. त्याला पुरून झाल्यावर ती पुन्हा पाणी घालायला लागते आणि एकदम बादली ओतून देते, रोपं उपटते, मातीवर पडून रडते. या वेळी नवरा नुसता बघत उभा राहतो. मग पळी घेऊन आपल्या ओळीला लागतो. थोड्या वेळानं तीही उठते.

सिनेमा संपला. मुलगा उठून दिवा लावायला गेला. हिनं त्याला विचारलं, “बादल्यांत खरं पाणी होतं का रे?”

“माहीत नाही, आई.”

“खरंच होतं. खांद्यावरून कळतं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तो हंडा माळ्यावर आहे. पोचा तसाच आहे.”

मी म्हटलं, “चुकलं माझं तेव्हा.”

“तेहतीस वर्षं लागली होय बोलायला,” ती म्हणाली आणि दाराला कडी घालायला गेली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला भाकरी उरकून तीच आधी येऊन बसली, आणि मुलाला म्हणाली, “आज कोणता लावतोस?”