प्रेसनोटमधली काढलेली ओळ आणि नवगावची चौदा माणसं

मंडळी, मागच्या रविवारी आमच्याकडे एका समाजाचा वधू-वर मेळावा झाला. प्रेसनोट आली. मान्यवर, सत्कार, भोजन, आभार, सगळं नेहमीप्रमाणे. शेवटी मात्र एक ओळ होती : 'आपल्या समाजाचं रक्त हजार वर्षं शुद्ध राहिलं आहे, हे आता डीएनए चाचणीनेही सिद्ध झालं आहे.'

मी बातमी लावली, ती ओळ काढली. सोमवारी सकाळीच फोन. "तेवढंच वाक्य बरं कापलंत? कोणाच्या सांगण्यावरून?"

कोणाच्याच नाही, साहेब. पण फोनवर दोन मिनिटांत सांगता येईल असं उत्तर नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. लांब आहे, पण गोष्ट आपल्याच रायगड जिल्ह्यातली आहे.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. ही माणसं इथेच राहिली. तेलाचे घाणे चालवायला लागली, शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावाने नाव पाडलं 'शनवार तेली'. घरात मराठी. आडनावं गावांवरून, दिवेकर, पेणकर, किहीमकर. हिंदी सिनेमातले डेव्हिड आठवतात ना? त्यांचं आडनाव चेऊलकर. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत 1796 साली सिनेगॉग बांधलं, त्याला लोक मशीदच म्हणायचे. नवसाला मलिदा, म्हणजे पोहे, गूळ, खोबरं. अलिबागची इस्रायल आळी आजही आहे.

आता या गोष्टीतला कमी सांगितला जाणारा भाग. या समाजात दोन तट होते, 'गोरे' आणि 'काळे'. गोरे म्हणायचे, आम्ही थेट त्या सात जोडप्यांचे. काळे म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी इथल्या बायकांशी घरोबा केला त्यांची संतती. दोघांत लग्नं नाहीत, पंगत एक नाही. धर्म एक, प्रार्थना एक, तरी आजी कोणती यावरून भिंत. कोकणात राहून आपल्या जातीव्यवस्थेतलं बाकी काही उचललं नसेल, हे मात्र बरोबर उचललं.

1948 ला इस्रायल देश झाला आणि पुढच्या काळात यातले हजारो लोक तिकडे गेले. तिथे काय झालं बघा. 1962 साली तिथल्या धर्मपीठाने आदेश काढला : बेने इस्रायल माणूस दुसऱ्या ज्यूशी लग्न करणार असेल, तर विवाह नोंदणाऱ्याने त्याची आई, आईची आई, तिची आई अशी जितकी मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. कारण ज्यू धर्मशास्त्रात ज्यूपण आईकडून येतं. पेण-रोह्याकडून गेलेल्या माणसाने पणजीच्या आईचा दाखला आणायचा कुठून?

लोक चिडले. जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले. शेवटी 1964 साली तिथल्या संसदेने जाहीर केलं की हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि धर्मपीठाला आदेशाची भाषा बदलावी लागली. विशेष म्हणजे या आदेशासमोर गोरे आणि काळे एकाच रांगेत होते. ज्यांनी इथे शेजाऱ्याची आजी तपासली, त्यांच्या आजीचा तपास तिकडे निघाला.

मग आली जनुकशास्त्राची पाळी. 2010 च्या एका मोठ्या अभ्यासात बेने इस्रायल त्यांच्या भारतीय शेजाऱ्यांच्याच जवळ दिसले. 2016 साली 18 जणांच्या जनुकांचा अधिक बारकाईने अभ्यास प्रसिद्ध झाला आणि चित्र स्पष्ट झालं. वंश दोन्हीकडचा, आणि दोन्हींचा वाटा भरीव. मध्यपूर्वेकडच्या ज्यूंचा वारसा पुरुषांकडून जास्त आलेला, स्थानिक वारसा बायकांकडून जास्त. हा संकर साधारण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचा, म्हणजे ढोबळमानाने 650 ते 1050 वर्षांपूर्वीचा.

हे कळतं कसं? पत्त्यांचे दोन कॅट घ्या, एक लाल पाठीचा, एक निळ्या. एकावर एक ठेवून पिसायला लागा. दोनदा पिसलं तर लाल पत्त्यांचे मोठे गठ्ठे शिल्लक दिसतात. वीसदा पिसलं तर दोन-दोन, तीन-तीनच एकत्र. जनुकांचं तसंच. दर पिढीला एकदा पिसणं होतं. तुकडे जितके लहान, तितकं मिसळणं जुनं. यावरून संकर कधी झाला ते कळतं, माणसं किनाऱ्याला कधी लागली ते नाही. जहाज फुटण्याच्या कथेला हा अभ्यास खरंही म्हणत नाही, खोटंही म्हणत नाही.

आता त्या गोऱ्या-काळ्यांच्या भांडणाचं काय राहिलं? गोरे ज्या गोष्टीसाठी काळ्यांना पंगतीबाहेर ठेवत होते, ती स्थानिक आजी अख्ख्या समाजाच्याच पाठीशी उभी निघाली. आणि धर्मपीठाचं? त्यांनी नेमकी आईकडची बाजू तपासायला सांगितली होती, आणि नेमकी तीच बाजू जास्त कोकणी निघाली. म्हणून कोणी त्यांना ज्यू नाही म्हणेल का? इतकी वर्षं शनिवार पाळला, मुलांच्या सुंता केल्या, घाणा बंद ठेवून धंदा बुडवला. ते ज्यूपण त्यांनी जगून कमावलेलं आहे. ते प्रयोगशाळेने दिलेलं नाही, त्यामुळे प्रयोगशाळेला काढूनही घेता येणार नाही.

आणि हसू नका, आपली गोष्ट वेगळी नाही. 2013 साली भारतीय उपखंडातल्या 73 समूहांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वरच्या म्हणवणाऱ्या जाती होत्या, खालच्या म्हटलेल्या होत्या, आदिवासी होते. निष्कर्ष असा की सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वीच्या काळात इथे मोठं मिसळणं झालं, जवळजवळ सगळ्यांचंच. प्रमाण कमी-जास्त, पण वारसा मिश्र. त्यानंतर दारं बंद झाली आणि लग्नं आपापल्यात व्हायला लागली. म्हणजे आधी मिसळलो आणि मग 'आम्ही कधी मिसळलोच नाही' म्हणायला लागलो.

तेव्हा साहेब, तुमच्या समाजाने हजार वर्षं आपापल्यात लग्नं केली असतील, ते डीएनएत दिसेलही. पण त्यावरून दार कधी बंद झालं एवढंच कळतं. दार बंद व्हायच्या आधी घरात कोण कोण आलं होतं, तेही त्याच डीएनएत लिहिलेलं असतं. शुद्ध-अशुद्ध असा रकाना त्या चाचणीत नसतो. म्हणून ओळ कापली.

मेळाव्यात 14 लग्नं जुळली असं तुमच्याच नोटमध्ये होतं. ती बातमी पहिल्या परिच्छेदात घेतली होती, तेवढं बघितलंत का?