अंबाबरव्याचें रान आणि त्यांतील माणूस

संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याची जी रांग उभी आहे, ती खालच्या काळ्या मैदानांतून पाहणाऱ्यास निर्मनुष्य भासते. वस्तुतः ती तशी नव्हती. या डोंगरांत कोरकू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. शेजारीं जळगाव जामोदकडे निहाल लोकांची वस्ती असून त्यांची भाषा जगांतील कोणत्याही भाषाकुलांत बसत नाहीं, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. ज्यांच्या बोलीस जगांत दुसरे आप्त नाहींत, ते लोक या प्रदेशांत उपरे खास नव्हेत.

1853 सालीं वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या हातीं आला आणि रानाकडे पाहण्याची दृष्टि पालटली. 1867 मध्यें लोहमार्ग नागपुरास पोंचला. इमारती लांकडास व रुळांखालच्या स्लीपरांस मागणी वाढली. मेळघाटांतील सागवानाचें रान सरकारनें राखीव केलें. डोंगरउतारावरील फिरत्या शेतीवर बंधनें आलीं. परंतु लांकूड तोडावयास, जाळरेषा काढावयास, रस्ते राखावयास माणसें तर हवींच होतीं! तेव्हां खुद्द वनखात्यानें मजुरांकरितां वनग्रामें वसविलीं. पुढें ज्यांना रानांतील अडथळा ठरविण्यांत आलें, त्यांतील कित्येकांचे आजेपणजे रानाच्या चाकरीसाठींच तेथें ठेवलेले होते, ही गोष्ट या वादांत फारशी कोणी उच्चारीत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर लांकडाच्या जागीं वाघ आला. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, 1974 मधील मेळघाट व्याघ्रप्रकल्प, 1987 मधील गुगामल राष्ट्रीय उद्यान, असा हा क्रम आहे. 1997 मध्यें संग्रामपूर तालुक्यांतील सुमारें 127 चौरस किलोमीटर रान अंबाबरवा अभयारण्य म्हणून जाहीर झालें. राष्ट्रीय उद्यान व अभयारण्य हे शब्द सामान्यतः एकाच अर्थानें वापरले जातात, पण कायद्यांत त्यांत मोठें अंतर आहे. राष्ट्रीय उद्यानांत लोकांचे हक्क संपुष्टांत आणावे लागतात. अभयारण्यांत मात्र चौकशीअंतीं एखादा हक्क चालूं ठेवण्याची मुभा जिल्हाधिकाऱ्यास 1991 च्या दुरुस्तीनें दिलेली आहे. म्हणजे रान राखावें आणि माणूसही राहूं द्यावा, ही वाट कायद्यानेंच मोकळी ठेविली होती.

ही वाट अरुंद झाली ती 2006 सालीं. त्या एकाच वर्षीं संसदेनें दोन विधानें मंजूर केलीं. वन्यजीव कायद्याच्या दुरुस्तीनें व्याघ्रप्रकल्पाचा गाभा मनुष्यवस्तीपासून मुक्त ठेवण्याचें तत्त्व आणिलें. वनहक्क कायद्यानें रानांत राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचें मान्य करून त्यांचे हक्क नोंदविण्याचें ठरविलें. डिसेंबर 2007 मध्यें मेळघाटचा सुमारें 1,500 चौरस किलोमीटरांचा गाभा जाहीर झाला; वनहक्क कायदा अमलांत आला तो त्याच महिन्याच्या 31 तारखेस. आधीं रेषा आखली गेली व मग हक्कांची मोजदाद सुरू झाली. वास्तविक दुरुस्तीचा कायदा असें सांगतो कीं, प्रथम हक्क मान्य व्हावेत, वन्यप्राणी व माणूस यांचें सहजीवन शक्य नाहीं हें तज्ज्ञांच्या साहाय्यानें सिद्ध व्हावें, आणि ग्रामसभेची समजून-उमजून दिलेली संमति मिळावी, मगच पुनर्वसन.

वनरक्षणाच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें म्हणणेंही पोकळ नव्हे. वाघास सलग व निवांत रान लागतें. त्याहून मैदानांतल्या घरांस जवळची बाब पाण्याची आहे. संग्रामपूरचा पुष्कळ भाग खारपाणपट्ट्यांत मोडतो; तेथील विहिरींचें पाणी पिण्याजोगें नसतें. सातपुड्यांतून उतरणाऱ्या वान नदीवर वारीपाशीं हनुमान सागर धरण आहे व त्याचें गोडें पाणी नळानें गांवोगांव जातें. वरचें रान उघडें पडलें तर खालचे हंडे सुरक्षित राहणार नाहींत. शिवाय डोंगरांतील कांहीं कुटुंबांना शाळा, दवाखाना व सडक यांच्या जवळ येण्याची इच्छा असते. 2008 पासून देऊं केलेली दर कुटुंबास दहा लक्ष रुपयांची रक्कम त्यांना लहान वाटली नाहीं.

पण पैसा हातांत पडल्यावर मोहाचीं फुलें, तेंदूचीं पानें, चारा, सरपण आणि मध यांची किंमत मोजावी लागते. रानांत ज्या वस्तु विकत घ्याव्या लागत नव्हत्या, त्या सपाटीवर बाजारांतूनच येतात. पुनर्वसनाच्या जागीं जमीन व सोयी मिळाल्या नाहींत अशी तक्रार करीत मेळघाटांतील कांहीं कुटुंबें आपल्या जुन्या गांवठाणांकडे परतलीं. जानेवारी 2019 मध्यें केलपाणीच्या बाजूस त्यांची वनकर्मचारी व पोलीस यांच्याशीं झटापट होऊन दोन्हीं पक्षांचीं माणसें जखमी झालीं. संमति खरोखर कशास दिली होती, हा प्रश्न त्या दिवशीं लाठ्याकाठ्यांनीं विचारला गेला.

इंग्लंडांत 1949 च्या कायद्यानें राष्ट्रीय उद्यानें निघालीं, तीं गांवें, शेतें व मेंढवाडे यांसह. तेथें वाघ नाहीं, हा भेद खरा. त्यामुळें तो नमुना जसाच्या तसा उचलतां येणार नाहीं. परंतु गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवास 2009 मध्यें सुमारें 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला व तें वन गांवानें सांभाळिलें, हें उदाहरण परकें नाहीं. व्याघ्रप्रकल्पाच्या बाह्य पट्ट्यांत शेती, गुरें आणि रान यांचा मेळ घालावा, असें 2006 ची दुरुस्तीही म्हणते. सोनाळ्यापलीकडील डोंगरांत या कलमांचा उपयोग किती करावयाचा, याचा निवाडा तेथील ग्रामसभांपुढें व्हावयाचा आहे.