न्हाणीघराच्या नूतनीकरणाचा खर्च फरशीखालून मोजावा

मुंबई, ठाणे, पुणे परिसरातील पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतींत बाथरूमच्या नूतनीकरणाचा विषय बहुधा खालच्या मजल्यावरून निघतो. तेथील छताला ओल येते, रंगाचे पापुद्रे सुटू लागतात, पावसाळा सरला तरी ठिबकणे थांबत नाही आणि एक दिवस सोसायटीच्या सचिवांचे पत्र वरच्या सदनिकेत येऊन पडते. घरात चर्चा मात्र सुरू होते ती टाइल्सची. रविवारी सहकुटुंब शोरूमची फेरी होते, आकाशी की पिस्ता यावर मतदान होते, एखादा चकचकीत शॉवर मनात भरतो आणि हाताशी असलेल्या रकमेचा मोठा भाग तेथेच बोलला जातो. उरलेल्या पैशांत फोडकाम, नळकाम आणि वॉटरप्रूफिंग बसवायचे, असा हिशेब मग आपोआप ठरतो. ज्या गळतीसाठी हा सारा खटाटोप सुरू झाला, तिच्याच वाट्याला सर्वांत कमी पैसे येतात.

अंदाजपत्रकाचा क्रम याच्या नेमका उलट असावा. नळ, कमोड, आरसा, दरवाजा या वस्तू पुढे केव्हाही बदलता येतात. बहुतेकांना प्लंबरचे अर्ध्या दिवसाचे काम पुरते. भिंतीत गाडलेली नळी किंवा फरशीखालचा थर बदलायचा झाला, तर वरचे सारे पुन्हा फोडावे लागते. म्हणून जे झाकले जाणार आहे त्याचा खर्च आधी आणि पूर्ण धरावा. जे डोळ्यांना दिसणार आहे, ते उरलेल्या रकमेत बसवावे.

आधी मापे, मग दुकान

उदाहरणादाखल चार फूट बाय सात फूट हे आपल्याकडील नेहमीचे बाथरूम घेऊ. चारही भिंतींची लांबी मिळून २२ फूट होते. दरवाजाच्या माथ्यापर्यंत, म्हणजे सात फूट उंचीपर्यंत टाइल्स लावायच्या तर १५४ चौरस फूट. त्यातून अडीच फुटी दरवाजाचे साडेसतरा चौरस फूट वजा केले आणि जमिनीचे २८ मिळवले, की सुमारे १६५ चौरस फूट होतात. कापणी आणि मोडतोड यांसाठी दहा टक्के वाढवले, तर १८० चौरस फूट टाइल्स लागतील. दर चौरस फुटाला ५० रुपये असेल तर टाइल्सचे नऊ हजार रुपये होतात. ९० असेल तर सोळा हजार दोनशे. या दोन आकड्यांतील सात हजार दोनशे रुपयांचा फरक ध्यानात ठेवावा, कारण वॉटरप्रूफिंगचा दर ऐकून ‘एवढे कशाला?’ असा प्रश्न पडतो तेव्हा तो उपयोगी पडतो. टाइल्स छतापर्यंत नेण्याची सध्या पद्धत आहे. त्यासाठी वरच्या दोन-तीन फुटांचे माप वेगळे काढावे. केवळ शोभेचा हा खर्च सर्वांत आधी कापता येण्याजोगा असतो.

एकाच छटेच्या, एकाच बॅच क्रमांकाच्या चार-सहा टाइल्स जादा घेऊन माळ्यावर ठेवाव्यात. पुढे कधी एखादी नळी उघडण्याची वेळ आली, तर तोच रंग पुन्हा मिळण्याची शक्यता फार थोडी असते.

राडारोड्याचे ओझे

अंदाजपत्रकात हमखास विसरली जाणारी बाब म्हणजे राडारोडा. पुष्कळ इमारतींत बाथरूमचा स्लॅब शेजारच्या खोलीपेक्षा आठ इंच ते एक फूट खाली असतो आणि तो खड्डा विटांचे तुकडे व सिमेंट यांच्या कोब्याने भरलेला असतो. वरील मापाच्या बाथरूममध्ये आठ इंचांच्या कोब्याचे वजनच जवळपास एक टन भरते. भिंतींच्या टाइल्स आणि त्यांमागचा गिलावा मिळवला, तर एकूण ओझे दीड टनाच्या पुढे जाते. पंचवीस किलोची एक गोणी धरली, तरी साठ-सत्तर गोण्या जिन्याने उतरवायच्या आहेत, हे लक्षात घ्यावे. लिफ्टमधून डेब्रिज नेण्यास बहुतेक सोसायट्या मनाई करतात. ‘फोडकाम’ असा दर ठेकेदाराने दिला असेल, तर त्यात गोण्या भरणे, खाली उतरवणे आणि गाडीने अधिकृत ठिकाणी पोहोचवणे ही तिन्ही कामे धरली आहेत का, ते लेखी घ्यावे. मुंबई महापालिकेने यासाठी ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा ठेवली आहे. रात्री खाडीच्या काठी रिकामी होणारी टेम्पोची खेप स्वस्त पडते, पण तो राडारोडा आपल्याच घरातला असतो.

नळकाम

जुन्या इमारतींतील जीआय नळ्या आतून गंजून अरुंद झालेल्या असतात. त्यांच्या जागी आता बहुधा सीपीव्हीसी नळ्या घातल्या जातात. गरम पाण्यासाठी साधी पीव्हीसी चालत नाही. येथे अर्धवट काम करण्याचा मोह टाळावा. बाथरूममधील नळी नवी आणि भिंतीपलीकडे डक्टमधील सामायिक वाहिनीपर्यंतचा तुकडा जुना राहिला, तर गळती त्या जुन्या सांध्यावर सरकते. प्लंबर ‘पॉइंट’प्रमाणे दर लावतात. त्यामुळे शॉवर, गीझर, वॉशबेसिन, फ्लश, हेल्थ फॉसेट, वॉशिंग मशीन असे पॉइंट आधी कागदावर मोजावेत. काम सुरू झाल्यावर वाढलेल्या प्रत्येक पॉइंटचा दर घासाघीस न करता द्यावा लागतो.

सांडपाण्याच्या जाळीखाली जो ट्रॅप बसतो, त्याला देशभरातील अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीने तांत्रिक परिभाषेला दिलेली ही देणगी गळतीच्या तक्रारींत मात्र पहिल्या क्रमांकावर असते. ट्रॅप आणि कोबा यांच्या सांध्यातून पाणी झिरपते. त्यामुळे जुना ट्रॅप तसाच ठेवून भोवती नवी फरशी घालण्याची तडजोड करू नये. जेथे स्लॅब खाली घेतलेला नाही, तेथे सांडपाण्याच्या नळ्या खालच्या सदनिकेच्या छताखालून जातात. त्या बदलायच्या तर खालच्या घरात शिरून काम करावे लागते. त्या घरच्यांची संमती, सामान झाकण्याची सोय आणि छताची रंगरंगोटी हा आपलाच खर्च समजून अंदाजपत्रकात लिहावा.

भारतीय पद्धतीचा संडास काढून कमोड बसवताना भिंतीपासून मलवाहिनीचे अंतर मोजूनच कमोड विकत घ्यावा. दुकानातील आवडलेला नमुना घरातील अंतराशी जुळला नाही, तर नळी सरकवण्याचा आणि तेवढ्यापुरता कोबा उंच करण्याचा खर्च वाढतो.

वॉटरप्रूफिंग: येथे काटकसर नको

कोबा काढल्यावर उघडा पडलेला स्लॅब हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा क्षण. गृहस्वामीने त्या दिवशी शक्य असल्यास रजा घ्यावी. सळ्या गंजून काँक्रीट सुटले असेल, तर ते तेव्हाच दिसते आणि वरचे काम पुढे रेटण्याआधी त्याची दुरुस्ती करावी लागते. अशी दुरुस्ती निघाल्यास सोसायटीला कळवून अभियंत्याचा सल्ला घ्यावा. एकूण खर्चाच्या पंधरा टक्के रक्कम राखीव ठेवा असे जे सांगितले जाते, ते याच क्षणासाठी. दीड लाखाची तयारी असेल, तर साडेबावीस हजार आधीच बाजूला काढावेत आणि काम सव्वा लाखाचे आहे असे समजूनच दुकानात जावे.

कामाचा क्रम असा असतो. स्लॅब घासून, धुऊन स्वच्छ करणे, भेगा आणि नळ्यांभोवतीची भोके बुजवणे, त्यावर पॉलिमरयुक्त सिमेंटचे लेप देणे. भिंत आणि जमीन यांच्या कोपऱ्यांत जाळी घालून लेप भिंतीवर किमान फूटभर चढवावा. शॉवरच्या बाजूला तो डोक्याच्या उंचीपर्यंत न्यावा. लेप वाळल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून पाणी भरून ठेवतात. पाण्याच्या पातळीवर खूण करून निदान ४८ तास ते तसेच राहू द्यावे आणि त्या काळात खालच्या घरी जाऊन छत पाहावे. त्यानंतर जाळीकडे उतार देऊन नवा कोबा घालायचा आणि पुन्हा एकदा पाणी भरून पाहायचे. दोन चाचण्यांत चार-पाच दिवस जातात. घाईत असलेला मिस्त्री ‘काही होत नाही साहेब’ असे म्हणून नेमके हेच दिवस वाचवतो.

टाइल्सवर टाइल्स चिकटवून देण्याची पद्धत स्वस्त आणि जलद आहे. बाथरूम केवळ जुनाट दिसत असेल, तर ती चालू शकते. खाली ओल असताना ती वापरणे म्हणजे गळतीवर पांघरूण घालणे होय. सांधे भरून देणाऱ्या रसायनांचेही तसेच: फरशीच्या दर्जांतून पाणी जात असेल तर त्यांनी काही काळ उतार पडतो, नळी फुटली असेल तर नाही.

टाइल्स मागवताना आणखी एक तपशील पाहावा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास शोषतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटने ती नीट धरत नाही. तिला टाइल ॲडहेसिव्ह लागते. जमिनीचे सांधे तरी इपॉक्सीने भरावेत. ते महाग असले, तरी जमीन अवघी २८ चौरस फूट आहे.

वीज

पंधरा लिटरचा साठवणीचा गीझर साधारण दोन किलोवॉटचा असतो. त्यासाठी स्वतंत्र तार, १६ ॲम्पियरचा पॉइंट, योग्य अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पियरचे आरसीसीबी यांचा खर्च गृहीत धरावा. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये कदापि बसवू नये. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठून माणसे दगावली आहेत. घरात वृद्ध असतील, तर न घसरणारी टाइल आणि भिंतीतील आधाराचा दांडा यांना शोभेच्या प्रत्येक वस्तूच्या आधी स्थान द्यावे.

ठेका आणि परवानगी

मजुरीचा ठेका आणि सामानासह ठेका असे दोन प्रकार रूढ आहेत. पहिल्यात पैसे वाचतात, पण वाळू संपली, एल्बो कमी पडला, अशा फोनांना उत्तर देण्यासाठी घरात कोणीतरी मोकळे असावे लागते. सामानासह ठेका दिला, तर नळ्या, लेप आणि टाइल्स यांची कंपनी व प्रत दरपत्रकात लिहून घ्यावी. ठेकेदार जीएसटी नोंदणीकृत असेल, तर १८ टक्के कर दरात धरला आहे की वर लागणार, हे विचारावे. एक लाखाच्या बिलावर हा प्रश्न अठरा हजारांचा आहे. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. पण एका बाथरूमला लागणाऱ्या दहा-पंधरा गोण्यांत त्याने फारसे काही हलत नाही.

पैसे तारखेप्रमाणे न देता टप्प्याप्रमाणे द्यावेत: थोडी आगाऊ रक्कम, फोडकाम उचलल्यावर दुसरा हप्ता, पाण्याची चाचणी उतरल्यावर तिसरा, टाइल्सनंतर चौथा. दहा टक्के रक्कम बाथरूम महिनाभर वापरून झाल्यावर द्यायची, असे सुरुवातीलाच ठरवले तर नंतर वाद होत नाही. टाइल्स लागण्यापूर्वी भिंतीतील नळ्यांची, शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्रे काढावीत. पुढे टॉवेलचा दांडा बसवताना ड्रिल नळीत शिरण्याचे संकट त्याने टळते.

सोसायटीला लेखी कळवणे, अनामत भरणे आणि कामाच्या वेळा पाळणे हे तर आहेच. फरशी किंवा नळ्या बदलणे ही किरकोळ दुरुस्ती समजली जाते; संडासाची जागा हलवणे किंवा भिंत पाडणे हा वेगळा विषय असून त्यासाठी परवानगी घ्यावी लागते. आपला संडास खालच्यांच्या स्वयंपाकघरावर येणार असेल, तर तो विचारच सोडून द्यावा. खर्च कोणाचा, या नेहमीच्या वादाबाबत सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्पष्ट विभागणी आहे. बाहेरील सामायिक जलवाहिनी व मलवाहिनीच्या गळतीचा खर्च संस्थेचा; संडास, सिंक आदींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या सभासदाचा. म्हणून फोडकामाच्या वेळी डक्टमधील सामायिक वाहिनीच खराब आढळली, तर छायाचित्रासह त्याच दिवशी संस्थेला पत्र द्यावे. टाइल्स लागल्यावर तो पुरावा उरत नाही.

खालच्या घराच्या छताला रंग देण्याची घाई करू नये. गळती थांबली तरी स्लॅबमध्ये मुरलेले पाणी सुकायला काही आठवडे लागतात आणि ओलसर छतावर दिलेला रंग पुन्हा सुटतो. ती रक्कम वेगळी काढून ठेवावी आणि छत हाताला कोरडे लागल्यावरच रंगाऱ्याला बोलवावे.