कानाबाहेरचा पडदा

आज आपल्याला हेडफोनच्या ड्रायव्हरबद्दल बोलायचं आहे. मुदखेडसारख्या जंक्शनच्या गावात ड्रायव्हर म्हटलं की इंजिनातला माणूसच डोळ्यांपुढे येतो, म्हणून आधी खुलासा करून ठेवू. हेडफोनमधला जो भाग विजेच्या चढउतारांचं हवेच्या हालचालीत रूपांतर करतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. एक पातळ पडदा आणि त्याला हलवायची काहीतरी युक्ती, एवढंच ते. कानाच्या आत जसा पडदा आहे, तसा हा कानाबाहेरचा. त्याला हलवायच्या मुख्य युक्त्या चार आहेत, आणि चारही आपल्याला वाटतं त्याहून जुन्या आहेत. बाजारात मात्र दर दोन-चार वर्षांनी त्यांतली एखादी नवीकोरी म्हणून येते आणि आपण खिसा रिकामा करतो.

सुरुवात रेल्वेपासूनच करू. हैदराबाद-मनमाड ही निजामाच्या काळातली मीटरगेज लाइन विसाव्या शतकाच्या तोंडावर इथून गेली, पुढे आदिलाबादची शाखा इथूनच फुटली. स्टेशनमास्तरच्या टेबलावरचा तो काळा जड फोन आपल्यापैकी कित्येकांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी कानाला लावलेला असेल. त्या रिसीव्हरच्या आत पहिली युक्ती आहे. १८७६ साली ग्रॅहॅम बेलनं टेलिफोन केला, त्याच घराण्यातली. लोखंडाची पातळ चकती, तिच्यामागे लोहचुंबक आणि त्यावर तारेचं वेटोळं. वेटोळ्यातली वीज कमीजास्त झाली की चुंबकाची ओढ कमीजास्त होते आणि चकती थरथरते. खेडोपाडीच्या ऊन-पावसात वर्षानुवर्षं चालणारी ही रचना. पण चकती ताठ, वजनदार, आणि तिचा स्वतःचा एक ठरावीक सूर. तो सूर लागला की ती उगाच जास्त वाजते, खालच्या सुरांना मात्र दाद देत नाही.

बोलण्यासाठी हे चालून जातं. टेलिफोनचा पट्टा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ धरतात, तेवढ्यात शब्द कळतात, "गाडी सुटली" हे कंट्रोलला नीट ऐकू जातं. आता गाण्याचा हिशेब करू. पुरुष गायकाची नेहमीची पट्टी काळी एक धरा. तिचा मध्य सप्तकातला सा सुमारे १३९ हर्ट्झ. त्याच्या दुप्पट, म्हणजे २७७ हर्ट्झचा पहिला उपस्वर, तोही ३०० च्या खालीच. म्हणजे टेलिफोनवर कुणी सा लावला, तर तो सा आणि त्याचा पहिला उपस्वर दोन्ही वाटेतच गळतात! तरी आपल्याला सा कळतो, कारण वरच्या उरलेल्या उपस्वरांवरून मेंदू मूळ सूर जुळवून घेतो. ऐकू येतो तो सांगाडा, त्यावरचं मांस गेलेलं असतं. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचं तर विचारूच नका, ती ६९ हर्ट्झच्या आसपास.

गंमत अशी, की रेडिओवरचं पहिलं गाणं आपल्या लोकांनी ऐकलं ते याच लोखंडी चकतीतून. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. त्या वेळी स्वस्तात मिळणारा रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला बॅटरी नाही, दिवा नाही. एरियलवर जेवढी शक्ती येईल तेवढ्यावरच भागवायचं. एवढ्याशा शक्तीवर लाउडस्पीकर हलत नाही, म्हणून हेडफोन. त्यात केसाइतक्या बारीक तारेचे हजारो वेढे असत, २००० ओहमचे नग सर्रास मिळत. अमेरिकेत युटामध्ये नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसानं १९१० च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात यातले उत्तम हेडफोन हातानं जोडले आणि तिथल्या नौदलानं ते घेतले. तेही बिनतारी संदेश ऐकण्यासाठीच, गाण्यासाठी नव्हे.

मुदखेड मुंबईपासून पाचशे किलोमीटरहून लांब, इथे क्रिस्टल सेटवर मुंबई लागायची आशाच नव्हती. आपण निजामाच्या मुलखातले. १९४७ साली देशात संस्थानी रेडिओ केंद्रं पाच होती, त्यांतली दोन, हैदराबाद आणि औरंगाबाद, याच राज्यातली. पुढे ट्रान्झिस्टर आला, त्याबरोबर एका कानात घालायची ती पिवळट पांढरी गुंडी आली. क्रिकेटची कॉमेंट्री वर्गात लपून ऐकलेली मंडळी इथे बसली आहेत, हात वर करायला लावत नाही. (हशा) ती गुंडीसुद्धा बोलण्याच्याच लायकीची होती.

दुसरी युक्ती म्हणजे मूव्हिंग कॉइल, बाजारात जिला डायनॅमिक म्हणतात. इथे उलटं केलं: चुंबक जागेवर, आणि वेटोळंच हलक्या पडद्याला चिकटवलं. कल्पना एकोणिसाव्या शतकातली, पण तिला जोरदार चुंबक आणि ॲम्प्लिफायर लागतो. १९२५ साली राइस आणि केलॉग यांनी त्यावर लाउडस्पीकर उभा केला. १९३७ साली बर्लिनच्या बायर कंपनीनं तेच कानावर आणलं, डीटी ४८. खर्ज आला, तबल्याच्या डग्ग्यावरची मींड आली. १९५८ साली जॉन कॉसनं स्टिरिओ संगीतासाठी म्हणून हेडफोन विकले. इथे पहिल्यांदा गाणं हेच गिऱ्हाईक झालं, बरं का. १९७९ चा वॉकमन आणि नंतर आलेलं निओडिमियम चुंबक यांनी हीच जात इतकी लहान आणि स्वस्त केली, की आज फुटपाथवर मिळणारा इअरफोनही बहुधा त्याच वंशाचा.

तिसरी, इलेक्ट्रोस्टॅटिक. जपानच्या स्टॅक्सनं १९६० साली विकायला काढली. काही मायक्रॉन जाडीची प्लॅस्टिकची फिल्म, दोन बाजूंना जाळ्या, आणि फिल्मवर कायमचा विद्युतदाब. त्यांच्या नंतरच्या हेडफोनमध्ये तो ५८० व्होल्ट आहे. वेटोळं नाही, वजन नाही, सगळ्या पृष्ठभागावर सारखी ओढ. तानपुऱ्याची जवारी, ती बारीक झिणझिण, यात जशी सुटी होऊन येते तशी इतर कशात येत नाही, हे आमचं प्रामाणिक मत. चौथी युक्ती यांच्या मधली: फिल्मवरच तारेची नक्षी छापायची आणि दोन्ही बाजूंना चुंबक. यामाहाचा एचपी-१ हा १९७६ चा. आज प्लॅनर या नावानं तेच परत आलंय. चुंबकांमुळे डोकं जड होतं, एवढीच तक्रार.

आणि बाल्डविनची लोखंडी युक्ती मेली का? नाही. ती लहान होत होत श्रवणयंत्रात शिरली आणि तिथून बॅलन्स्ड आर्मेचर म्हणून महागड्या इअरफोनमध्ये आली. एकाला सगळे सूर झेपत नाहीत, म्हणून एका कानात तीन-चार बसवतात, प्रत्येकाला आपापला पट्टा.

मग चांगली कुठली? हा प्रश्न आम्हाला प्रत्येक ठिकाणी विचारतात, आणि आमचं उत्तर जागा बघून बदलतं. इलेक्ट्रोस्टॅटिक आणि बहुतेक प्लॅनर हेडफोन मागून उघडे असतात. लाइनीजवळच्या घरात तसला हेडफोन घातला, तर मालगाडीचा भोंगा थेट आत. मग माणूस काय करतो? आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं, ९० वर फक्त ४ तास. दहा डेसिबल वाढले की वेळ दहावा हिस्सा. आतला पडदा दुकानात मिळत नाही. म्हणून गाडीच्या आवाजात राहणाऱ्यानं बंद पाठीचा साधा डायनॅमिक, किंवा कानात घट्ट बसणारा इअरफोन घ्यावा. लाख रुपयांची फिल्म शांत खोली असणाऱ्याला. कानात घालायच्या इअरफोनमध्ये तर रबराचं टोक सैल बसलं की खर्ज निघून जातो, मग आत ड्रायव्हर कुठल्याही जातीचा असो. कित्येकदा लोक नवीन इअरफोन घेतात, खरं तर दहा रुपयांचं टोक बदलायचं असतं.

घरी गेल्यावर एक करून बघा. नुसत्या तानपुऱ्याचं एखादं ध्वनिमुद्रण लावा, आवाज कमी ठेवा, आणि चौथी तार, खर्जाची, मोजत बसा. ती दर फेरीला अंगानं ऐकू येते का, की फक्त तिची चाहूल लागते? मग टोक दाबून धरा आणि परत ऐका. ज्यांनी इअरफोन बरोबर आणलेत, त्यांनी आत्ताच केलं तरी चालेल. तोवर आपण प्रश्न घेऊ.