थंड हवेचं गाव कुणी ठरवलं?

मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशीपार गेला की गप्पांमध्ये एक विषय हमखास निघतो: इथून उठून जरा बऱ्या हवेच्या गावाला राहायला गेलं तर? हाच विचार दोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी केला आणि तडीसही नेला, आज त्यांची गोष्ट.

१८२४ मध्ये लॉडविक नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी महाबळेश्वरचा डोंगर चढला. आता, गाव काही त्याने शोधलं नाही. कृष्णेच्या उगमाचं क्षेत्र म्हणून आपली माणसं तिथे आधीपासून जात होती. पण मुंबईच्या उकाड्याने हैराण झालेल्या साहेबांना जवळपास १,३७० मीटर उंचीवरची हवा मानवली. गव्हर्नर जॉन माल्कमने १८२९ च्या करारात साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांकडून ही जागा घेतली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा दिलं. नव्या वस्तीचं नाव पडलं माल्कमपेठ. तिथे रस्त्यांच्या आणि भाजीपाल्याच्या कामाला होते चिनी आणि मलायी कैदी, सिंगापूरकडच्या वसाहतींतून धाडलेले.

पण गंमत बघा. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस कोसळतो. जून आला की साहेब पुण्याला उतरायचा आणि हिवाळ्यात मुंबईला. म्हणजे बारमाही छान हवेचं गाव त्यालाही सापडलं नाही. त्याने तीन गावं ठेवली, एवढंच!

आणि जागा देणारे प्रतापसिंह? १८३९ मध्ये कंपनीने त्यांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. १८४७ मध्ये ते तिथेच वारले. कुठे राहायचं, हे ठरवणं राजाच्याही हातात उरलं नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. इथे पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबं बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला निघतात. त्यांनाही हवामानच हलवतं, पण कुठे जायचं ते मुकादम ठरवतो.

हवा बघून गाव निवडणं ही तेव्हाही ऐपतीची गोष्ट होती, आजही आहे. तुमच्या घरातलं कुणी दुष्काळात गाव सोडून गेलं होतं का? कुठे गेलं आणि ते कुणी ठरवलं, आजी-आजोबांना एकदा विचारा. भेटू पुढच्या भागात.